बाहेर थांब

एर्सिरा बार्रियांचं घर लाकडी खांबांवर, पाण्यात उभं.
दिवसातून दोनदा समुद्र घराखाली येऊन जातो
आणि फळ्यांच्या आवाजावरून त्या वेळ सांगतात.
बोलकं घड्याळ लावून देऊ का, मी पहिल्या गुरुवारी विचारलं.
"आहे की," त्या म्हणाल्या, "पायाखाली."

डोळे गेले त्याला अकरा वर्षं झाली.
बोटं त्याच्याही आधी मिटली,
लोकर विणता विणता मूठच विणली गेली असावी तशी.
मान मात्र वळते. डावीकडे, चार बोटं.

तेवढ्या चार बोटांच्या जागेत
मला अख्खं इंटरनेट बसवायचं होतं.

नगरपालिकेने दिलेलं बटण बशीएवढं, लालभडक.
लाल कुणासाठी, ते कुणी विचारलं नाही.
मी ते चाकाच्या खुर्चीला, गालापासून बोटभर अंतरावर,
आधी चिकटपट्टीने, मग सायकलच्या जुन्या ट्यूबने बांधलं.
यंत्र अक्षरं म्हणत जातं: ए, आ, ओ, एसे...
हवं ते आलं की गाल टेकवायचा.
जिवाचा कान करून बसायचं,
एक क्षण चुकला की पुन्हा सगळी रांग.
नाव नशिबाने ए पासून.
आडनावातल्या बे ने मात्र घाम काढला.

मग पानं उघडायला लागली.
वीज कंपनीच्या पानावर यंत्र म्हणालं:
बटण. बटण. बटण. चित्र. बटण.
नाव ना गाव.
"दारं केलीत," त्या म्हणाल्या, "पाट्या लावायच्या राहिल्यात."
दवाखान्याच्या पानाने विचारलं, तुम्ही माणूसच ना?
मग ज्या चित्रांत होड्या दिसतात ती निवडा.
जन्मभर होडीतून बाजाराला गेलेली बाई
इतकी हसली की गाल बटणावर आपटला
आणि आम्ही पोचलो थेट कुठल्याशा गालिच्यांच्या दुकानात.

मला घाई फार.
माउस हातात घ्यायचो, दोन टिचक्या,
झालं बघा, म्हणायचो.
त्या गप्प व्हायच्या.
एकदा म्हणाल्या, "भरवणारा हात चांगलाच असतो रे,
पण पोट माझं भरलंय का, हे त्याला कसं कळणार?"
त्या दिवसापासून मी हात मांडीखाली दाबून बसतो.
शाळेत बसायचो तसा.

सातव्या गुरुवारी म्हणाल्या,
"पासवर्ड बदलायचाय. तो मोठा आवाज बंद कर.
कानात घालायचं काहीतरी दे."
मी दिलं.
"आता बाहेर थांब."

बाहेर म्हणजे दोन फळ्यांचा सज्जा.
ओहोटी. चिखलात होड्या कुशीवर निजलेल्या,
शेजारचा एलिसेओ गुडघाभर गाळात वाकून शिंपले काढतोय,
वारा असा की कानटोपीतूनही चावतो.
भिंतीपलीकडून येत होतं: टक.
मग बराच वेळ काही नाही.
टक. टक.
अक्षरांचा क्रम मीच लावलेला, वेगही माझाच,
दोन टकांमधला वेळ मला पाठ.
पाच अक्षरं कळलीसुद्धा.

तेव्हा लक्षात आलं, हे काय करतोय मी.

सज्ज्याच्या पार टोकाला गेलो,
जिथे नुसता वारा ऐकू येतो.
एलिसेओने विचारलं, हाकलून दिलं का म्हातारीने?
हो म्हणालो.
बरं वाटलं, का ते त्याला सांगता आलं नसतं.

पाऊण तासाने हाक आली.
आत गेलो तर मान घामेजलेली, गालावर बटणाचा गोल वळ.
कुणाला लिहिलंत, हे शब्द ओठांपर्यंत आले,
मी ते गिळले.
"हा पट्टा सैल झालाय," त्या म्हणाल्या,
"आणि आतल्या त्या बाईला सांग, जरा भरभर बोल.
इतकी हळू बोलते, मी काय लहान मूल आहे?"

दीड सेकंदाचा मी एक केला.
खाली पहिलं पाणी खांबाला लागलं, फळी किरकिरली.
"सहा वाजले," त्या म्हणाल्या. "जा, तुझी बस चुकेल."
माझ्या घड्याळात सहाला तीन कमी होते.